चहा झाला की निघतोच

बहिणीने खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा मामांनी आधी कॅमेरा शोधला.

ती ओट्याशी उभी राहून वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, महिनाअखेरपर्यंत वरची खोली रिकामी करायला घे. म्हणजे कसं..."

मामांची नजर डब्यांच्या फळीवर गेली, तिथून फ्रिजच्या डोक्यावर, तिथून खिडकीतल्या कांद्यांच्या टोपलीत. कॅमेरा कुठेच नव्हता. पण न दिसणारा कॅमेरा हीच तर मेहुण्यांची खासियत होती. तेव्हा मामांनी जे इतकी वर्षं केलं तेच केलं. भुवया किंचित उचलल्या, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा झाला की निघतोच."

बहिणीचा हात वाटाण्याच्या शेंगेवरच थांबला. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसू आवरतेय की रडू, काही थांग लागेना. मग तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि ते ‘म्हणजे कसं’ तिथेच लोंबकळत राहिलं. मामा चहा पिऊन वर गेले. खोलीत गेल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, हे खरं असलं तर?

मेहुण्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी ते विनोदी चित्रपट काढत. निर्माता नाही, स्टुडिओ नाही. घर स्वतःचं, माणसं घरातली. चित्रपट लहानशा सभागृहांत दाखवले जात आणि मोजकेच, पण पोट धरून हसणारे प्रेक्षक ते पुन्हा पुन्हा पाहत. कथा बदलायची, माणसं तीच राहायची. आठ दिवसांसाठी आलेला आणि कधीच न गेलेला पाहुणा, ते मामा. घंटा वाजवून ‘तक्रार इथूनच आली होती ना?’ म्हणत भलत्याच घरात शिरणारा हवालदार, ते शेजारचे दातांचे डॉक्टर. पाहुण्याला हाकलायला निघालेली आणि ऐनवेळी चहा टाकणारी घरधनीण, ती बहीण. शेवटही ठरलेला. पाहुणा बॅग घेऊन दारात उभा राहतो, घंटा वाजते, हवालदार आत येतो, आणि त्या गोंधळात पाहुण्याचं जाणं राहून जातं.

मामा स्वतःही बऱ्याच वर्षांपूर्वी पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून बहिणीकडे आठ दिवसांसाठी आले होते. पहिला चित्रपट त्याच वर्षी निघाला. तो आपल्यावरचा टोमणा होता की आपला मान, हे त्यांनी कधी विचारलं नाही. काही दिवस त्यांना एक वाटे, काही दिवस दुसरं. पुढे भाची लग्न होऊन गेली. तिने दिलेलं ‘मामा’ हे नाव तेवढं सगळ्या गल्लीच्या तोंडी राहिलं.

मेहुण्यांची काम करण्याची तऱ्हा जगावेगळी होती. संवाद लिहून द्यायचे नाहीत. कॅमेरा कधी चालू झाला ते सांगायचं नाही. घरातलं बोलणं चालू असतानाच प्रसंग सुरू व्हायचा, आणि ‘चित्रीकरण चाललंय का?’ असं जो विचारेल त्याचा प्रसंग कापला जायचा. डॉक्टरांचे निम्मे प्रसंग असेच गेले होते. मामांनी मात्र एकदाही विचारलं नव्हतं. आयुष्यात त्यांना अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांतली ही एक. त्यामुळे आता विचारायची सोय राहिली नव्हती.

त्यात परवाचं ते प्रकरण. फिल्म सोसायटीच्या मासिकासाठी एक बाई मुलाखत घ्यायला आली होती. या चित्रपटांत तीच माणसं, तीच दारं, तीच बॅग पुन्हा पुन्हा का येते, असं ती विचारत होती. मेहुणे म्हणाले, माझ्या घरातून कुणाला बाहेर पडता येत नाही, तेवढाच माझा विषय. मामा पाण्याचे पेले घेऊन दारापर्यंत आले होते. मेहुणे पुढे म्हणाले, "पण पाहुणा आता पुरे. पुढच्या चित्रपटात तो नाही." मामांनी पेले बाहेरच्या स्टुलावर ठेवले आणि आवाज न करता जिना चढून गेले. हल्ली गुडघा जिन्यावर कुरकुर करी, पण त्या दिवशी त्यांनी त्यालाही गप्प बसवलं.

बहीण खोलीचं बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरांकडे गेले. खुर्चीत कुणी पेशंट नव्हता, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. सरळ विचारणं जमेना, तेव्हा मामांनी आडून विचारलं, की इस्त्रीला वगैरे टाकलाय का हवालदाराचा पोशाख?

डॉक्टरांचं तोंड उतरलं. "मला या वेळी बोलावलेलंच नाही."

"म्हणजे चित्रपट चालू आहे?"

"ते मला काय माहीत? मी त्यात नाही, एवढंच माहीत आहे."

"पण चित्रपटच नसेल, तर तुम्ही त्यात नसणारच."

"आणि असेल तर?" डॉक्टर म्हणाले. "असेल, तर माझा पत्ता कट झाला की नाही?"

शेवटी डॉक्टरांनी सवयीने मामांना आ करायला लावला, दात पाहिले, आणि एक दाढ हलतेय असं सांगितलं. मामा गेले होते त्याहून जास्त गोंधळून परत आले.

रविवारी त्यांनी बॅग काढली. चित्रपटात दिसायची ती तपकिरी बॅग मुळात त्यांचीच. पण दुसऱ्या चित्रपटापासून ती भरलेली दिसावी म्हणून तिच्यात रद्दी कोंबलेली होती. कपडे ठेवायचे तर रद्दी काढायला हवी. रद्दी काढली आणि हे चित्रीकरण निघालं, तर बॅगेचं वजन चुकणार. मग त्यांनी अर्धी रद्दी काढली आणि अर्धे कपडे भरले. आपण कुठे जाणार आहोत याचा विचार बॅग बंद केल्यावर त्यांच्या मनात आला.

ते खाली आले. बहीण आरामखुर्चीत पडद्याला टाके घालत होती. मेहुणे जिन्याखालच्या खोलीतून, जिथे ते चित्रपटांची कापाकापी करत, एक खोकं उचलून बाहेर येत होते. दोघंही मामांकडे बघत राहिले. मामा दारापर्यंत गेले आणि नेहमीच्या जागी थांबले. आता घंटा वाजायला हवी.

घंटा वाजली नाही.

बॅग जड होऊ लागली. मामांनी हात बदलला. पाठीमागे खोकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी घाईने उघडल्याचा. त्यांनी वळून पाहिलं नाही, वळायचं नसतं. पण इतक्या वर्षांत न विचारलेली गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली.

"हे खरं आहे का गं?"

"काय खरं?" बहीण म्हणाली.

"मी जायचंय, हे."

तिने पडदा बाजूला टाकला. "कुठे जायचंय? जिना चढताना तुझा गुडघा वाजतो तो खालपर्यंत ऐकू येतो मला. यांची खोली तुला रिकामी करून देतोय आम्ही, खालची. मी तेच सांगत होते त्या दिवशी, तर तू लगेच आपला चहाचा संवाद टाकलास. मला वाटलं, तुला खाली यायचं नाही."

"पण हे त्या बाईंना म्हणाले, पाहुणा पुरे."

"मग? पाहुण्याला कुणी खालची खोली देतं का?"

मामांच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात बाजूने मेहुण्यांचा आवाज आला. "दादा, ते ‘खरं आहे का गं’ पुन्हा एकदा म्हणा. आवाज नीट आला नाही."

मामांनी वळून पाहिलं. मेहुणे भिंतीला टेकून कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. ते म्हणाले, की तुम्ही बॅग घेऊन उतरलात तेव्हा वाटलं, या वेळी तुम्हीच सुरुवात केलीत. मग मी कशाला विचारू?

म्हणजे बहीण बोलली तेव्हा कॅमेरा चालू होता. मग ती जे बोलली ते... मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, हसू की रडू ते न कळणारं.

तिने उठून त्यांच्या हातातून बॅग घेतली. "ही एवढी जड कशी?" ती पुटपुटली. एरवी शेवटी ती बॅग जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. आज ती जिन्यापाशी थांबली नाही. जिन्याखालच्या खोलीत गेली. आतून बॅग उघडल्याचा आवाज आला, मग रद्दी खोक्यात पडल्याचा, मग कपाट उघडल्याचा.

मामा दारातच उभे होते. तेवढ्यात घंटा वाजली.

बाहेर डॉक्टर उभे होते, कडक इस्त्रीच्या हवालदाराच्या पोशाखात, कपाळावर घाम. त्यांना कुणीही बोलावलेलं नव्हतं. त्यांनी आधी मामांकडे, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि ओठावर आलेला प्रश्न मोठ्या कष्टाने गिळला.

"तक्रार इथूनच आली होती ना?" ते म्हणाले.

"इथूनच," मामा म्हणाले. "या. चहा टाकतोय."