तीन प्रार्थनांचा चेहरा

मित्रांनो, वहीच्या पानाएवढा, चित्रं छापायचा एक जुना तांब्याचा पत्रा तुमच्याशी बोलतो आहे. माझ्यावर ख्रिस्ताचा देह मांडीवर घेतलेली मरियामाता आहे. माझ्यावरच्या मेणावर सुईनं तिला रेखाटलं. सुईनं मेण निघालं तिथलं तांबं खाल्लं ते तेजाबानं; जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल आणि छापात काळी.

बोलोन्या शहरात जाकोमो नावाच्या कारागिराच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांचे हात थरथरू लागले होते. म्हणून सुई धरली त्यांच्या लेकीनं, ऑर्सोलानं. मठाच्या फादर तेओदोरोंना गुड फ्रायडेसाठी तीनशे चित्रं हवी होती. पहिलाच छाप मनास आला नाही तर काम दुसरीकडे देईन, असं त्यांनी बजावलं होतं. मग थरथरत्या हातांच्या दारी पुन्हा कोण येणार?

तेजाबातला वेळ त्या घरात प्रार्थना म्हणून मोजत. "चेहऱ्याला तीनच 'नमो मरिये'," जाकोमो म्हणाले. "लगेच बाहेर काढ आणि चेहरा लेपानं झाक, म्हणजे तिथं तेजाब पुढे खाणार नाही. चौथी म्हटलीस तर देवाची आई आजी होईल, पोरी."

मला तेजाबाच्या परातीत बुडवलं. रेघारेघांतून बुडबुडे उठले. ऑर्सोला पुटपुटू लागली आणि जिन्यावर फादरांच्या लाकडी चपला वाजल्या, ठरल्यापेक्षा तासभर आधी. तिची जीभ अडखळली.

"किती झाल्या?" जाकोमोंनी विचारलं.

तिला सांगता येईना. दोन की तीन? मला ठाऊक होतं, पण तांब्याला तोंड कुठलं! तिनं आणखी एक म्हटली. तीच चौथी.

मग चेहरा झाकून मला पुन्हा बुडवलं, कपड्यांच्या रेघा खोल झाल्या, शाई भरली, ओल्या कागदासह मी रुळाखालून गेलो. फादर बाकावर बसूनच होते. कागद उचलला, तर मातेच्या कपाळावर, डोळ्यांखाली काळ्या रेघांचं जाळं. जाकोमोंनी तोंड फिरवलं.

"ही इतकी म्हातारी?" फादर म्हणाले. "आमच्या वेदीवरची सोळा वर्षांची दिसते."

ऑर्सोला म्हणाली, "मांडीवर तेहतीस वर्षांचा मुलगा आहे, फादर. सोळा वर्षांची आई कुठून आणू?"

फादर कागदावर वाकले. शाई ओली आहे हे विसरून त्यांनी त्या गालाला बोट लावलं.

"आता हिला तरुण करू नका, म्हणजे झालं," ते हळूच म्हणाले.

तीनशेच्या पुढेही मी पुष्कळ छाप दिले. रेघा झिजत गेल्या. मग फडताळ आणि हिरवा गंज. परवा एका भल्या माणसानं चकाकी यावी म्हणून मला राख-लिंबानं घासायला घेतलं होतं. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपणं म्हणजे तिला नवी करणं नव्हे. मऊ फडक्यानं पुसा, तेलाचं बोट फिरवा, कागदात गुंडाळून ठेवा. जोरानं घासलंत तर उरल्यासुरल्या रेघा जातील, माझी मरियामाता पुन्हा सोळा वर्षांची होईल, आणि मांडीवरच्या मुलाला आई उरणार नाही.