झाडावर चढण्यास मनाई

"अहो, आत यायचंय की फाटकातच मुक्काम ठोकायचाय?"

बायकोने विचारलं तरी शिट्टीकाकांचा पाय काही उचलेना. त्यांचा हात सवयीने बाजूच्या लहान दाराकडे गेला होता. ते दार कर्मचाऱ्यांचं. गेल्या महिन्यात रिटायर झाल्यापासून त्यांना तिथून जायचा हक्क नव्हता. आता इतरांसारखं गोल फिरणाऱ्या लोखंडी फाटकातून आत जायचं. त्या फाटकात ते पहिल्यांदाच शिरले आणि पोट अडकून मध्येच थांबले. मागून बायकोने जोर लावला तेव्हा आत जाऊन पडायचे ते राहिले.

"उभा जन्म या बागेत गेला आणि आत शिरता येईना होय?" ती हसत म्हणाली.

बाग म्हणायची, पण खरं तर ते जंगलच होतं. शहर वाढत वाढत चारी बाजूंनी त्याच्याभोवती येऊन बसलं आणि मधला हा हिरवा तुकडा तसाच राहून गेला. आत मोठं तळं, दाट झाडी, आडवाटा, बाकं. या सगळ्यावर शिट्टीकाकांची नजर असायची. हिरवळीवर पाय पडला की शिट्टी. फुलाला हात लागला की शिट्टी. पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं आणि पुढे ती पोरं आपल्या पोरांना घेऊन आली तरी नाव तेच राहिलं.

रिटायर झाल्यावर शिट्टी आणि युनिफॉर्म जमा केले, पण स्वभाव कुठे जमा करणार? काकांनी मग घराची राखण सुरू केली. जिन्यात धावणाऱ्या पोरांना दटावलं. बायको घरी शिवणकाम करायची, तिच्याकडे माप द्यायला आलेल्या बायकांना रांगेत उभं राहायला लावलं. त्यातली एक तर कापड परत घेऊनच गेली. राखायला काही उरलं नाही की ते भिंतीकडे तोंड करून बसत, जेवायला हाक मारली तरी उठत नसत. आज सकाळी असंच बसलेले पाहून बायकोने चालू मशीन थांबवलं.

"उठा. मला तुमची बाग दाखवा."

"तू बघितलीयस की."

"कधी? डबा घेऊन यायचे ते फाटकापर्यंत. तुम्ही डबा घ्यायचात आणि म्हणायचात, निघ आता, मी ड्यूटीवर आहे."

काकांनी चपला पायात सरकवल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आत आल्यावरही ते गस्तीवर असल्यासारखे झपाझप चालू लागले. बायको मागे राहिली. पहिल्याच वळणावर एक माणूस बाकावर आडवा झालेला दिसला.

"ए, उठा! बाक बसायला आहे, झोपायला नाही."

त्या माणसाने एक डोळा उघडला. "तुम्ही कोण?"

आता काका काय सांगणार? मागून बायको धापा टाकत आली आणि म्हणाली, "हे माझ्याबरोबर फिरायला आलेत. झोपा तुम्ही."

तो माणूस निवांत कूस बदलून झोपला. काका पुन्हा झपाझप निघाले. बायकोने त्यांचा दंड धरला आणि त्यांची चाल आपल्या चालीला आणून बसवली. मग ती एकेक विचारत गेली. हे तळं किती खोल? तो पक्षी कुठला? सांगता सांगता काकांचा आवाज मोकळा होत गेला. समोरून रोज फिरायला येणाऱ्या दोन बायका आल्या. "अय्या, शिट्टीकाका! साध्या कपड्यात ओळखूच आला नाहीत!" म्हणून निघून गेल्या.

"शिट्टीकाका?" बायको जागीच थांबली. "हे घरी कधी बोलला नाहीत ते!"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

ती इतकी हसली की शेजारच्या फांदीवरचे पक्षी उडाले.

झाडी दाट होते तिथे बागेतलं सगळ्यात जुनं झाड होतं. त्याची एक जाड फांदी पार जमिनीपर्यंत खाली वाकून पुन्हा वर गेली होती. बुंध्यावर पाटी होती, 'झाडावर चढण्यास सक्त मनाई'.

"याच्यावरून किती पोरं खाली उतरवली असतील मी!" काका अभिमानाने म्हणाले.

"मोठं माणूस कधी चढलं होतं?"

"मोठं माणूस कशाला चढेल?"

ती त्या फांदीकडे बघत राहिली. "आमच्या घरामागे असंच एक झाड होतं. शाळेतून आले की मी वरच. लग्न ठरलं त्या दिवशी आई म्हणाली, आता पुरे हं. तेव्हापासून पुरेच आहे."

एवढं बोलून तिने पिशवी काकांच्या हातात दिली, साडीचा घोळ वर खोचला आणि काकांना काही कळायच्या आत फांदीवर पाय टाकला.

"अगं! अगं, काय करतेस? वय काय तुझं?"

"वय खाली ठेवलंय. पिशवीत बघा."

ती चढत होती. जरा अडखळत, पण कुठे हात घालायचा आणि कुठे वजन टाकायचं ते अंगात मुरलेलं होतं. काकांचा हात शिट्टीसाठी छातीशी गेला. तिथे नुसतं बटण होतं. येणारेजाणारे थांबले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात खरीखुरी शिट्टी कर्कश वाजली.

काकांच्या जागी आलेली नवी गार्ड धावत येत होती. शेवटच्या महिन्यात काकांनीच तिला काम शिकवलं होतं.

"सर, या तुमच्या कोण?"

"बायको."

ती बिचारी अवघडली. मग ताठ उभी राहून म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलंत, सूट कुणालाच नाही."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. त्यांना तिचा जरा अभिमानही वाटला. "थांब, मी उतरवतो तिला."

खालून हाका मारून काही उपयोग होईना तेव्हा काका स्वतःच फांदीवर चढले. गुडघे कुरकुरले. मध्ये एकदा पाय घसरला तेव्हा वरून बायकोचा हात आला. शिवणाच्या कात्रीने घट्टे पडलेला तो हात चांगलाच भक्कम होता. त्याला धरून ते कसेबसे वर पोहोचले आणि तिच्या शेजारी बसले.

"चल, उतर आता."

"आधी श्वास तर घ्या."

श्वास घ्यायला म्हणून त्यांनी मान वर केली. आयुष्यभर ते या झाडाखालून रोज चालले होते, पण नजर सतत माणसांच्या पायांवर. वर एवढं आभाळ आहे, पानांच्या फटीतून तळं असं चकाकतं, वारा आला की सगळी फांदी हळूच झुलते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"छान आहे तुमची बाग," बायको म्हणाली.

काकांना आतून हसू फुटलं. ते पोट धरून, फांदी हलेपर्यंत हसले. बायको म्हणाली, "अहो, पडाल!" आणि स्वतःही हसत सुटली.

"सर, उतरवताय ना?" खालून गार्ड ओरडली.

"उतरवतो! पाचच मिनिटं!" काका वरून म्हणाले. हेच उत्तर त्यांनी आजवर असंख्य पोरांकडून झाडाखाली उभं राहून ऐकलं होतं, आणि एकदाही ऐकून घेतलं नव्हतं.

गार्डने शिट्टी तोंडाजवळ नेली, क्षणभर तशीच धरली आणि खिशात टाकली. जमलेल्या लोकांना तिने हाताने पुढे घालवलं. झाडाच्या मुळांपाशी दोघांच्या चपला घाईत जिकडेतिकडे पडल्या होत्या. तिने त्या वेचल्या, दोन्ही जोड शेजारी शेजारी नीट लावून ठेवले, आणि झाडाकडे पाठ करून ती तळ्याकडे बघत उभी राहिली.