बिल्ल्याच्या जागी सुपारी

पोस्टमनचा नव्हे, हमालाचाही नव्हे. मित्रांनो, मी सर्कशीचा बिल्ला आहे. जुना, रुपयाएवढा, चांदीचा. माझ्यावर एक पोर घोड्याच्या पाठीवर उभी आहे. दोन्ही हात वर, आणि डोक्यामागे गोल कडे. खऱ्या सर्कशीत ते कडे पेटलेले असायचे. पण एवढ्याशा चांदीत सोनाराने ज्वाळा कुठे कोरायच्या? त्याने नुसतेच कडे काढले, आणि त्या कड्याने पुढे सगळा घोटाळा केला.

त्या पोरीचे नाव जिजा. मालकाने मला तिच्या छातीवर लावले तेव्हा मी फार मिजाशीत होतो. टाळ्या माझ्यासाठीच वाजतात असे मला वाटे. घोडा दौडायचा, कडे पेटायचे, जिजा उडी घ्यायची आणि ज्वाळांच्या पलीकडे पुन्हा घोड्यावर उभी! रोज ती आगीत शिरायची आणि रोज बाहेर यायची.

महायुद्धाच्या दिवसांत आमची सर्कस वसईला आली. मुक्काम हलवायच्या घाईत माझी टाचणी तुटली आणि मी घोड्याच्या लिदीत पडलो. गावोगाव मिरवलेला मानकरी, आणि शेवटी लिदीत! जिजाने मला शोधले का, ती रडली का, कोण जाणे. मला ते कधीच कळले नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

तुम्हाला वाटेल, सर्कस उठली की मैदान ओस पडते. वसईत तसे नाही. जवळच्या गिरीज गावचे वाडीवाले टोपल्या घेऊन धावत येतात, कारण हत्तीघोड्यांचे खत केळीला मानवते. त्या गर्दीत पानवेलींचा बागाईतदार नरहरीही असे; पण त्याची टोपली रिकामी आणि डोळे जमिनीवर. त्याला सर्कशीच्या बिल्ल्यांचे वेड होते. हत्तीवर बसायचे पत्र्याचे टोकन, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पितळी बिल्ला, पैलवानाचे पदक, जे मिळेल ते तो एका खणाखणांच्या लाकडी पेटीत ठेवी. त्याची बायको अनसूया म्हणे, "लोकांच्या वाडीत केळी पिकतात, आमच्या घरात पत्रे!"

तंबूत पहिल्या बाकावर बसून हा गृहस्थ जिजापेक्षा माझ्याकडेच जास्त पाहत असे. मी त्याच्या पेटीत यावे, हा त्याचा ध्यास. माझ्यासाठी त्याने एक खण राखून ठेवला होता. पूजेला जो प्रत्यक्ष हजर नसतो त्याच्या नावाने आपण सुपारी मांडतो ना, तशी त्या खणात त्याने माझ्या नावाची सुपारी ठेवली होती. हे मला मागाहून कळले.

त्या दिवशी मात्र मी त्याच्या पायाजवळून केळीच्या वाडीवाल्या आल्बिनाच्या टोपलीत गेलो. केळीच्या बुंध्याशी खत ओतताना मी तिच्या हाताला लागलो. तिने मला पाटाच्या पाण्यात धुतले, उन्हात धरून बराच वेळ न्याहाळले आणि घरी नेऊन अल्तारावर, म्हणजे त्यांच्या घरच्या ख्रिस्ती देव्हाऱ्यावर, मेणबत्तीशेजारी ठेवले. तिचा मुलगा व्हिन्सेंट तेव्हा लढाईचे सामान नेणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता.

शेजारच्या इझाबेलने मला पाहिले. "ही कोण गं संतीण?"

"हाय एक," आल्बिना म्हणाली.

झालो मी संतीण! डोक्यामागचे कडे म्हणजे तेजोवलय, असे इझाबेलने धरले, आणि आल्बिनाचाही तोच समज असणार असे मी धरले. रोज दिवेलागणीला ती माझ्यापुढे मेणबत्ती लावी आणि म्हणे, "माझ्या पोराला आण गं." मला फार लाज वाटे. मी कोण, आणि मी कुणाला आणणार? पुढे व्हिन्सेंटची खबर यायची थांबली. मेणबत्ती मात्र थांबली नाही. तिच्या धुराने मी काळा पडलो.

एकदा नरहरी तिच्याकडे केळीचे मुनवे, लावणीचे कोंब, मागायला आला. पाणी पिता पिता त्याची नजर माझ्यावर गेली आणि तांब्या हातातच राहिला. मित्रांनो, त्याने मला ओळखले! मला हर्ष झाला, आणि लगेच भीती वाटली. आता हा जिजाचे नाव घेणार आणि या माउलीचा आधार तुटणार.

"आल्बिनाबाय, हे... हे कुठं मिळालं?"

"वाडीत गावलं. खतातून."

नरहरीचे ओठ हलले. मग त्याने पाणी एका दमात संपवले. "छान आहे. जपून ठेवा," एवढेच म्हणाला, आणि मुनवे न घेताच उठला. मनातले मांडे मनातच राहिले बिचाऱ्याचे.

तो उंबऱ्याशी पोचला तशी आल्बिना हसली. "नरहरीभाऊ, तू ओळखलीस ना तिला? सर्कशीतली पोर. मीपण तिकीट काढून बघितलीय."

नरहरी चपापला. "मग अल्तारावर?"

"का नाय ठेवायची? देवाचं मागणं मी देवाकडं मागते. पण ही रोज आगीत जायची नि रोज परत यायची. माझा व्हिन्सेंटपण आगीतच गेलाय. हिला इतकंच सांगते, तुला वाट ठावं हाय, त्याला दाखव."

नरहरीने वळून अल्ताराला हात जोडले. आणि मी? इतके दिवस मी तिला भोळी समजत होतो!

लढाई संपली. बऱ्याच उशिरा व्हिन्सेंट आला. त्याची बोट जळाली होती, एका हातावर भाजल्याचे डाग होते, पण चालत आला. मग आल्बिनाने मला केळीच्या पानात गुंडाळले आणि नरहरीच्या घरी नेले.

"घे. हिचं काम झालं. पण एक अट. कुणाची आई दारात आली, तर हिला द्यायची. नाय म्हणायचं नाय."

नरहरीने सुपारी उचलून कपाळाला लावली आणि तिच्या जागी मला ठेवले. दिवाळीला अनसूया चिंच घेऊन भांडी घासायला बसली, तेव्हा तिने मलाही उचलले. "केवढा काळा पडलाय हा!" नरहरीने घाईने मला तिच्या हातून घेतले. "तेवढी काजळी राहू दे. ती आल्बिनाबायची आहे."

तेव्हापासून मी इथेच आहे. म्हणजे बहुधा इथे असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा, जपा. पण त्या लखलखीत करण्याच्या हौसेपायी त्यांच्यावरचा माणसांचा धूर पुसून टाकू नका. आणि कधी गिरीजला आलात, नरहरीची पेटी उघडलीत आणि माझ्या खणात सुपारी दिसली, तर मी हरवलो म्हणून हळहळू नका. कुणाचा तरी मुलगा घरी यायचा राहिला आहे. मी तिथे गेलो आहे.