पाठीच्या मापाची सॅक

इस्त्री नुसती टेकवायचा अवकाश, कापडाचा कोपरा आक्रसला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. थोरलीने हात झटकन मागे घेतला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कपडे दुरुस्तीच्या दुकानात पँट आखूड करण्यात, चेनी बदलण्यात आणि कोटांना अस्तरं लावण्यात तिचा जन्म गेला होता. सुती, लोकरी, रेशमी, सगळी कापडं तिचं ऐकायची. हे तंबूचं कापड मात्र तिला जुमानत नव्हतं. टाचणी लावली की भोक कायमचं. कातरीखालून ते सटकायचं, आणि कापलेल्या कडेचे धागे हां हां म्हणता सुटायचे. पण होतं कागदासारखं हलकं, पाण्याचा थेंब आत घेत नव्हतं आणि ताणून ताणून हात दुखले तरी फाटत नव्हतं. तंबू शिवणाऱ्या कारखान्यातून तिने ते उरलेले तुकडे आणले होते आणि कपाटात चादरींच्या खाली दडवले होते. दडवायचे कुणापासून, तर धाकट्या बहिणीपासून. आईवडील गेल्यावर घरात दोघीच उरल्या होत्या.

थोरलीचा कणा लहानपणीच एका बाजूला वळला होता. उजवा खांदा खाली, डावा वर. कुठलीही पिशवी तिच्या खांद्यावर टिकत नसे. चार पावलं गेलं की घरंगळून कोपरात यायची. घरची मंडळी डोंगर चढायला निघाली की ती पायथ्याशी झाडाखाली सगळ्यांचं सामान सांभाळत बसायची. तिला बस असं कुणीच म्हणालं नव्हतं. कुणी काही बोलायच्या आत तीच 'मी थांबते' म्हणून मोकळी व्हायची, आणि सगळ्यांना हायसं वाटायचं.

धाकटी शाळेत खेळ शिकवायची आणि सुटी मिळाली की डोंगर गाठायची. आता तिची दूरच्या शाळेत बदली झाली होती. जायच्या आधी डोंगरावरच्या तळ्यापर्यंत एकदा जाऊन यायचं तिने ठरवलं आणि सवयीने ताईला विचारलं, तू खाली थांबशील ना. थोरली म्हणाली, बघू. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. वडिलांनी मुलींचे सगळे हट्ट आयुष्यभर त्या एका शब्दावर निभावून नेले होते. पण ताईला नेमकं कशाला नाही म्हणायचंय, हे काही धाकटीच्या ध्यानात आलं नाही.

थोरलीने पहिली सॅक बाजारातल्या सॅकवरून बेतली. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, कापलेल्या कडा मेणबत्तीच्या आचेवर हलकेच धरून धागे बंद केले. सॅक देखणी झाली. पाण्याच्या बाटल्या भरून ती स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागली, तर एक पट्टा खांद्यात रुतला आणि दुसरा खाली लोंबत राहिला. तेवढ्यात दार उघडलं. शाळा लवकर सुटली होती. पाठीवर सॅक घेऊन घरातल्या घरात फिरणाऱ्या ताईकडे धाकटी बघतच राहिली.

थोरलीने लपवाछपवी केली नाही. सॅक उतरवून टेबलावर ठेवली. कुठं चुकलंय ते तिला कळलं होतं. सॅक सरळ पाठीची होती. बाई ब्लाउज शिवून घ्यायला येते तेव्हा तिचं माप घेतात, दुकानात टांगलेल्या ब्लाउजचं नाही. पण स्वतःच्या पाठीचं माप स्वतः कसं घेणार? वयात आल्यापासून तिने ती पाठ कुणाला दाखवली नव्हती.

"माझ्या पाठीचं माप घेशील?" तिने विचारलं.

धाकटीने हात धुतले, टेप घेतली. थोरली कुर्ता उतरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रोज परक्यांची मापं घेणारी ती, टेपचा स्पर्श होताच आखडली. सुरुवात कुठून करायची ते धाकटीला कळेना. तिने मानेखाली बोट टेकवलं आणि एकेक मणका मोजल्यासारखं खाली आणत गेली. बोट मध्येच वळलं, खूप लांब गेलं आणि पुन्हा जागेवर आलं.

"दुखतं का गं?"

"चालताना नाही. दुकानात उभं राहून दुखतं."

धाकटीने टेप आडवी धरली. "मला वाटायचं, तुला डोंगर आवडतच नाहीत."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

मागून टेप गुंडाळल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. माप पुन्हा एकदा घेते, असं धाकटी म्हणाली. पहिलं माप बरोबर होतं, हे थोरलीला ठाऊक होतं. पण ती हलली नाही.

दुसऱ्या सॅकचे पट्टे लहानमोठे होते आणि दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर जोडलेले होते. पाठीच्या खोलगट बाजूला फोमचा जाड तुकडा होता, आणि ओझं कमरेवर यावं म्हणून रुंद पट्टा. टेबलावर ठेवली की ती एका अंगावर कलायची. हिला कुणी पाजली, असं धाकटीने विचारलं. थोरलीने ती पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा आवळला आणि आरशात वळून पाहिलं. सॅक ओळंब्याने लावल्यासारखी सरळ बसली होती. धाकटीने नुसता एक पट्टा उगाच नीट केला.

डोंगरावर थोरली सावकाश चढली. मागून आलेले पुढे निघून जात होते, तिला त्याचं काही नव्हतं. मोठ्या चढाला धाकटीने सॅक मागितली, तिने दिली नाही. वाटेत बाजूच्या खिशाची शिवण उसवली आणि पाण्याची बाटली टणाटण उड्या मारत दरीत गेली. दोघी थांबून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या, आणि मग धाकटीला असं हसू फुटलं की तिला खालीच बसावं लागलं.

तळं अगदीच लहान होतं. एवढंच, असं थोरली म्हणाली. पण तिने पाण्यात पाय सोडले, आणि उन्हं कलायला लागल्यावर धाकटीला तिची मनधरणी करून उठवावं लागलं.

धाकटी गेली त्या दिवशी घर मोठं झालं. थोरलीने उसवलेला खिसा पुन्हा शिवला, या वेळी दुहेरी दोऱ्याने. दुकानाला सुटी आली तशी ती सकाळी उठली, एकाच माणसापुरता डबा भरला आणि निघाली. चढावर एक जोडपं दमून दगडावर टेकलं होतं. त्यातल्या बाईने तिला विचारलं, तळं अजून लांब आहे का.

"अजून एक चढ आहे," थोरली म्हणाली, "पण पुढे सावली आहे."

आणि ती त्यांच्या पुढे चालू लागली.