पहिला घोट

थोरलीने चहाच्या डबीतून साबणाची वडी चिमट्याने उचलली. वडीला चिकटलेली पत्ती बोटाने झटकून परत डबीत पाडली आणि वडी जुन्या फडक्यात गुंडाळून धुण्याच्या बादलीमागे ठेवली. मग डबीत नाक घालून तिने एक लांब श्वास घेतला. साबण आठवडाभर आत होता. पत्तीचा स्वतःचा वास कुठेतरी तळाशी दबला होता आणि त्याच्यावर फुलाचं सोंग घेतलेला एक गुलाबी वास ठाण मांडून बसला होता. तिने झाकण घट्ट लावलं.

"झालं का गं, थोरले?" बाहेरून वन्संनी हाक मारली. "का एकेका पानाची विचारपूस चालली आहे?"

"आले, वन्सं."

डबी वन्संच्या पर्समध्ये जायची, पण भरायची थोरलीने, असा शिरस्ता होता. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. चहाच्या एका पेढीत चव घेण्याच्या कामावर त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. त्या कप तोंडाशी नेत, सुर्रकन घोट ओढत, आणि त्यांची भुवई वर गेली की खोकीच्या खोकी परत जात. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण त्या नाकाला पेढीत मान होता. लग्न केलं नाही. भावाच्या घरात राहिल्या, आणि सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

दर शनिवारी दुपारी त्या दोघी भावजयांना चहाला बाहेर नेत. शहरात चहाची चांगली जागा उघडली आणि वन्संनी पाहिली नाही असं होत नसे. नदीकाठची, वेताच्या खुर्च्यांची; बेकरीच्या माडीवरची; स्टेशनासमोरच्या हॉटेलातली, उंच छताची. पेढीतून आणलेला नवा नमुना डबीत असे. ती डबी वन्सं वेटरच्या हातात देत, "पाणी उकळलं की लगेच ओता, गप्पा नंतर मारा," असं बजावत, आणि केक मात्र तिथला मागवत. थोरलीला या दुपारी मनापासून आवडत. पांढरं टेबलक्लॉथ, दुसऱ्या कुणीतरी घासलेले कप, आयता समोर आलेला चहा. फक्त प्रत्येक नव्या टेबलावर सुरुवात एकाच वाक्याने होई.

"आमच्या थोरलीचा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी," वन्सं वेटरला, शेजारच्या टेबलाला, कुणालाही सांगत. "तेव्हा घाबरू नका. त्याहून वाईट तुम्हाला जमणार नाही."

लोक हसत. धाकटी जाऊ सगळ्यांत मोठ्याने हसे. थोरलीही हसे, इतक्या वर्षांत तेही तिच्या अंगवळणी पडलं होतं.

लग्नाआधी ती एका कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक होती. ते काम सुटलं तेही वन्संच्या एका वाक्याने. "बाटल्या विसळायला बाहेर कशाला जायला हवं? घरात आहेत की भांडी." त्या वेळी नवरा हसला होता आणि सासूबाई हसल्या होत्या. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला.

गेल्या हिवाळ्यात वन्संना ताप आला आणि आठवडाभरात उतरला. त्यानंतरच्या एका सकाळी दूध उतू जाऊन भांडं करपलं. थोरली गॅलरीतून धावत आली, तर स्वयंपाकघर करपल्या वासाने भरलेलं आणि ओट्याकडे पाठ करून बसलेल्या वन्सं शांतपणे पेपर वाचत होत्या.

थोरलीने भांडं सिंकमध्ये टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिने पडताळून पाहिलं. एकदा व्हिनेगरची बाटली त्यांच्या कोपराशी उघडी ठेवली. एकदा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर टर्पेंटाइनची चिंधी टाकली. वन्संनी मान वर केली नाही. चहात साखर जास्त पडली तर मात्र त्यांना लगेच कळे, कडवटपणाही कळे. म्हणजे जीभ शाबूत होती. गेलं होतं ते नाक. आणि जीभ नुसता उंबरठा असते, चहाचं घर नाकात असतं, हे वन्संनीच तिला कितीदा तरी ऐकवलं होतं. पत्ती साबणाच्या फळीवर ठेवली म्हणून एकदा पाहुण्यांसमोर तिचा उद्धार केला होता, तोही त्यांनीच. "पत्ती म्हणजे चुगलखोर बाई. शेजारी जे असेल ते उचलते आणि कपात येऊन सांगते."

एक गोष्ट मात्र तिला उलगडली नव्हती. शनिवारच्या टेबलावर वन्सं अजूनही बरोबर सांगत. पत्ती शिळी असली तर शिळी म्हणत, चांगली असली तर चांगली. पूर्वीसारखा लांबलचक निकाल देत नसत, एवढंच. आणि पूर्वी पहिला घोट त्यांचा असे, तो आता थोरलीला मिळे.

"आधी हिला द्या," वन्सं वेटरला म्हणत. "हिला पचला तर विष नाही असं समजू."

आजचा शनिवार वेगळा होता. पेढीच्या मालकीणबाई स्वतः चहाला येणार होत्या. वन्संचं निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. नव्या मळ्याच्या पत्तीवर त्या काय बोलतात ते ऐकून त्यांना पुढे ठेवायचं की नाही, हे ठरणार होतं. रात्री जेवताना वन्सं भावाला म्हणाल्या होत्या, "मला घरी बसवलं ना, तर मी सहा महिने नाही काढायची." थोरली तेव्हा ताटं उचलत होती.

जागा एका जुन्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मोठ्या खिडक्या, खाली रस्त्यावरची गर्दी, काचेच्या कपाटात केक. मालकीणबाई वेळेवर आल्या. ठेंगण्या, मऊ आवाजाच्या बाई. खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

"तुमच्या या शनिवारांबद्दल फार ऐकलंय," त्या म्हणाल्या.

"काय ऐकलंत?"

"की इथले वेटर तुम्हाला भितात."

"भ्यायलाच हवं," वन्सं म्हणाल्या. "आणि ही आमची थोरली. हिचा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी."

धाकटी हसली. मालकीणबाईंनी थोरलीकडे पाहून अर्धवट स्मित केलं, आणि ते थोरलीला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

डबी आत गेली. किटली आली, तिच्यावर कापडी टोपी घातलेली. वेटरने ती ठेवली, पण लगेच गेला नाही; काहीतरी बोलावं की नाही अशा विचारात घुटमळला. वन्संनी हाताने त्याला वाटेला लावलं.

"आधी हिला."

थोरलीने कप उचलला. वाफ तोंडावर आली आणि तिच्याबरोबर तो गुलाबी वासही. हे तिने आधीच गृहीत धरलं होतं. चेहरा जरा जरी हलला तर सगळंच मुसळ केरात जायचं. म्हणून तिने डोळे मिटले, घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि गिळला. मग आवडत्या गाण्याची ओळ ऐकल्यासारखी मान हलवून ती हलकेच हसली.

डोळे उघडले तेव्हा वन्सं तिच्याकडेच बघत होत्या.

मग त्यांनी आपला कप उचलला. नाकाशी नेला, तिथे बराच वेळ धरला. सुर्रकन घोट ओढला. भुवई वर गेली.

"फूल आहे," त्या म्हणाल्या. "मळा नवा असला तरी हात जुना दिसतो. पहिल्यांदा लाजतो, मग मागच्या चवीत फूल उघडतं. मॅडम, हा हातचा सोडू नका."

मालकीणबाईंनी घोट घेतला. कप बशीत ठेवला, नॅपकिन ओठांवर दाबला आणि तो तसाच दाबून धरला.

"अगं बाई!" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. तिचा घोट अजून पुरता गिळून झाला नव्हता. "वन्सं, हे तर... न्हाणीघर प्यायल्यासारखं लागतंय."

"तुला काय कळतं त्यातलं? भजी आणि चहा यांत फरक कळतो का तुला?"

"नाही पण, साबण—"

"फूल आहे म्हटलं ना!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी वळून पाहिलं. मालकीणबाईंनी नॅपकिन खाली ठेवला. त्यांचा आवाज आधीपेक्षाही मऊ झाला होता.

"बाई, पुन्हा एकदा बघता का? सावकाश. घाई नाही."

वन्संनी कप उचलला नाही. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत असं काहीतरी होतं जे थोरलीने त्या डोळ्यांत आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला काय म्हणावं ते तिला त्या क्षणी कळलं नाही. तिने आपला कप पुन्हा तोंडाला लावला. दुसरा घोट पहिल्याहून वाईट होता.

"छानच आहे," ती म्हणाली. "फुलासारखा."

"बघा," वन्सं म्हणाल्या. "हिला सुद्धा कळलं."

"हो," मालकीणबाई म्हणाल्या. "कळलं."

त्यांनी केक संपवला. केकची, खिडकीची, थोरलीच्या साडीची तारीफ केली. वन्संचा कप रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या. वन्संनी अगदी तळापर्यंत प्यायला. मग उठताना मालकीणबाई वन्संच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, फार वर्षं राबलात आमच्यासाठी. आता या वर्षी जरा विश्रांती घ्या."

परत येताना त्या तिघींनी टॅक्सी केली. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे खांदे मधूनच हलत होते. घरी आल्यावर वन्संनी रिकामी डबी उघडून नाकाशी धरली. थोरली पदराला हात पुसत दारात उभी होती. वन्संनी डबी उलटीसुलटी केली, पुन्हा नाकाशी धरली आणि हळूच झाकण लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

ही गोष्ट पेढीतून नातेवाइकांत आणि नातेवाइकांतून गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. धाकटीने ती इतक्या ठिकाणी सांगितली, की शेवटी शेवटी तिच्या गोष्टीत वन्संच्या तोंडातून फेस येत होता. नवऱ्याने थोरलीला विचारलं, "झालं काय नक्की?"

"पेढीच्या गोदामात पत्तीला वास लागला असेल," थोरली म्हणाली. "होतं कधीकधी."

वन्सं आता दिवसभर घरात असत. खुर्ची खिडकीशी, पेपर मांडीवर, बहुतेक वेळा न उघडलेला. थोरली चहा ठेवी, त्या पीत. निकाल येत नसे. थोरलीला वाटलं होतं, या शांततेत मोकळं मोकळं वाटेल.

पुढचा शनिवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. मग एका शनिवारी दुपारी वन्सं साडी बदलून बाहेर आल्या.

"चल," त्या म्हणाल्या.

"धाकटीला फोन करू?"

"नको."

या वेळी डबी नव्हती. वन्संनी नदीकाठची जागा सांगितली, वेताच्या खुर्च्यांची. वेटरने ओळखलं आणि सवयीने हात पुढे केला. मग तो हात तसाच मागे घेतला. "तुमच्याकडचाच आणा," वन्सं म्हणाल्या. थोरलीच्या चहाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वेटर एक क्षण त्या वाक्यासाठी थांबला आणि गेला.

पाण्यावर ऊन होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी होडीला रंग देत होतं.

"त्या दिवशी तू एकटीच माझ्या बाजूने बोललीस," वन्सं नदीकडे बघत म्हणाल्या. "साबण होता ना?"

थोरली पलीकडच्या होडीकडे बघत राहिली.

"धाकटी एवढं खोटं नाही बोलणार. तिच्या अंगात तेवढी अक्कलच नाही." त्यांनी टेबलक्लॉथवरची सुरकुती बोटाने सरळ केली. "तापापासून मला वास येत नाही. काहीच नाही. रॉकेल प्यायला दिलंस तरी पिईन."

"मग इतके महिने—"

"पेढीत जिभेवर आणि जुन्या नावावर निभावलं. शनिवारी तुझ्याकडे बघून. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, थोरले. लपत नाही. पत्ती किती दिवसांची, पाणी उकळून किती वेळ झाला, सगळं. मुळात तुला कळायचंच. तुझ्यासारखं नाक पेढीतसुद्धा कुणाला नव्हतं. पहिल्या वर्षीच ओळखलं होतं मी."

"कधी बोलला नाहीत."

"बोलून काय? घरात एक पुरे होती."

किटली आली. वेटरने दोन्ही कप भरले. वाफेबरोबर जो वास वर आला, त्याने थोरलीच्या पोटात खोल कुठेतरी ऊब पसरली. भिजलेलं लाकूड, मध, आणि मागे कुठेतरी ऊन पडलेलं गवत. इतक्या शनिवारांत एवढा सुरेख चहा तिच्यासमोर आला नव्हता.

वन्संनी कपाला हात लावला नाही. त्या खुर्चीत जराशा पुढे झाल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या दिवशीची तीच नजर. या वेळी थोरलीला ती वाचता आली.

तिने घोट घेतला. जिभेवर धरला. गिळला.

"कसा आहे गं?" वन्संनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

थोरलीने नाक मुरडलं आणि कप बशीत ठेवला.

"भांडी विसळल्याचं पाणी," ती म्हणाली.

वन्संनी तिच्या मुरडलेल्या नाकाकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी, आणि आपला भरलेला कप हळूच बाजूला सारला. त्या नदीकडे वळल्या.

थोरलीने आपला चहा सावकाश, एकेक घोट घेत संपवला. मग हात लांबवून तिने वन्संचा कपही आपल्याकडे ओढला.