अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही

सोनमचे पत्र आले तेव्हा मी आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पाहिल्या. सवयच तशी. तिने 'विद्यापिठ' लिहिले होते आणि 'परिक्षा'. त्या मनातल्या मनात दुरुस्त करून झाल्यावर मग पत्र काय म्हणते आहे ते वाचले.

'आप्पा, तुम्ही म्हणालात तसं मी फॉर्मवर खरं लिहिलं. आता विद्यापिठवाले म्हणतात मी खोटं लिहिलं. दौंडच्या कॉलेजने त्यांना कळवलंय की मी अजून तिथंच शिकते. माझी हजेरीपण लावलीय. ते वर्ष मी रोज वाचनालयात बसायचे हे तुम्ही पाहिलंय. दुसरं कोण सांगणार? तेवढं दोन ओळीत लिहून द्या. महिनाअखेरीच्या आत पाहिजे. फोन मुद्दाम केला नाही, तुम्हाला फोनवर बोलायला जड जातं.'

या पत्राला मी उत्तर दिले नाही. त्याला आता दोन वर्षे झाली.

मी शिरूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही तिथेच येऊन बसत असे. दार उघडायचे, वर्तमानपत्रे लावायची, सुटलेली पाने चिकटवायची. किल्ली माझ्याकडे राहिली आणि मी तिच्याकडे राहिलो, असे म्हटले तरी चालेल. लोकांशी बोलायचे म्हटले की मी अवघडतो. पुस्तकाला तसे काही वाटत नाही.

सोनम न्हावऱ्याची. तिच्या आज्याची मेंढरे होती, वडील मल्हारी मात्र दोन एकर कांदा आणि चार गाईंवर स्थिरावलेले. बारावीनंतर तिला दौंडला एका खासगी कॉलेजात पदविकेला घातले होते. शिकवणे सगळे इंग्रजीत. पहिल्या वर्षी ती नापास झाली आणि सोडून आली. मग वर्षभर सकाळच्या एस.टी.ने शिरूरला यायची, वाचनालयात खिडकीजवळ बसायची, दुपारच्या गाडीने परत. पहिले काही महिने आमच्यात एक शब्दही झाला नाही. मग एक दिवस तिने विचारले, "आप्पा, हितली इतिहासाची संपली. अजून हायेत का कुठं?" मी वरच्या फळीवरची काढून दिली. आमची ओळख ती एवढी.

इतिहास घेऊन बी. ए. करायचे तिने ठरवले, पुण्याच्या एका विद्यापीठात. अर्जात एक रकाना होता: यापूर्वी घेतलेल्या सर्व प्रवेशांचा तपशील, उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण. असा रकाना आला की आमच्याकडची मुले सरळ तहसील कचेरीबाहेर कोंडिबा टायपिस्टकडे जातात. त्याच्याकडे शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र तयारच असते. नाव आणि साल तेवढे बदलायचे. मधली वर्षे मी घरी होतो, घरगुती अडचण होती, कुठे शिकलो नाही. नापास झालेले वर्ष असे घरगुती अडचणीत विरघळून जाते. कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

सोनमही ते घेऊन आली होती, सही न केलेले. म्हणाली, "आप्पा, कोंडिबामामा लई चुका करतो. जरा शुद्धलेखन बघा."

मी लाल पेन घेतले. 'कालावधित'ची वेलांटी दीर्घ केली. 'इतर कुठं अॅडमिशन घेतलेली नाही' असे होते. ते खोडून वर लिहिले: अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही. वाक्य नीट बसले. मला बरे वाटले. मग ते पुन्हा वाचले आणि कागद तिच्याकडे देताना मी खाली बघत म्हणालो, "आता शुद्ध आहे. पण खरं नाही."

ती हसली. "आप्पा, मी व्याकरण तपासाया दिलं व्हतं."

"हो. ते तपासलं."

"मग नापास लिवू म्हंता?"

मी आयुष्यात फार थोड्यांना सल्ला दिला आहे. त्या दिवशी दिला. नापास होणे हा गुन्हा नाही, लपवणे गुन्हा आहे, असे काहीतरी बोललो. ते वाक्यही नीट बसले होते. ती दुरुस्त केलेला कागद कोंडिबाला परत करून आली आणि माझ्यासमोर बसून तिने अर्जात लिहिले: पदविका, प्रथम वर्ष, अनुत्तीर्ण, शिक्षण सोडले. पुढे कॉलेजचे नाव.

नाव लिहिले म्हणून विद्यापीठाने तिथे विचारणा केली. नसते लिहिले तर कुणीच विचारले नसते. दौंडच्या कॉलेजने पटसंख्या कमी दिसू नये म्हणून सोडून गेलेल्या मुलांची नावे चालू ठेवली होती. कागदोपत्री सोनम तिथे दुसऱ्या वर्षात होती. रोज हजर होती. म्हणजे 'शिक्षण सोडले' हे खोटे, म्हणून प्रवेश रद्द. त्याच दौंडच्या कॉलेजातून तिच्यासारखाच नापास होऊन आलेला न्हावऱ्याचा विक्रम नावाचा मुलगा होता. त्याने कोंडिबाचे प्रतिज्ञापत्र जोडले. तो आता पदवीधर होईल.

पत्र आले त्या दिवशी मी कच्चा मसुदा लिहायला बसलो. दोन ओळी. 'रोज' लिहावे की 'नियमितपणे'? 'मी पाहिले आहे' की 'माझ्या माहितीप्रमाणे'? फाडले, पुन्हा लिहिले. मग मनात आले, वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहिले तर वजन पडेल, आणि त्यासाठी अध्यक्षांना विचारायला हवे.

वाचनालयाचे अध्यक्ष सत्यजीतराव. आमचे वाचनालय आणि दौंडचे ते कॉलेज एकाच संस्थेची. हे मला ठाऊक होते. तरी मी गेलो. कदाचित म्हणूनच गेलो असेन. माझ्याविषयी मला खात्रीने काही सांगता येत नाही.

मार्केट यार्डाजवळ त्यांचे ऑफिस. मला पाहून उठून उभे राहिले.

"आप्पा! बसा, बसा. ए भैरू, आप्पांना चहा सांग, बिनसाखरेचा. शुगर हाय न्हवं अजून?"

मी कसेबसे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"मल्हारीची पोरगी व्हय? चांगली हाय की पोरगी. क्लार्कनं केलं आसंल कायतरी. पट कमी दिसला की वरनं इचारत्यात, मग नावं चालू ठेवत्यात. सगळीकडं आसंच हाय आप्पा, आपलंच काय घिऊन बसला."

"मी दोन ओळी लिहून देऊ का?"

"द्या की! मी न्हाई म्हणलो का? फकस्त पुढल्या म्हयन्यात कॉलेजचं इन्स्पेक्शन हाय, तेवढं हू द्या. आन् लेटरहेडवर नका. लेटरहेड म्हंजी संस्थेचं. आता संस्थाच संस्थेच्या विरोधात कशी लिहील? तुम्ही व्याकरणातली माणसं, तुम्हीच सांगा."

भैरू हसला. मीही हसलो. हे मला आठवते आणि आठवायला नको वाटते.

निघताना ते पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाचनालयाची किल्ली तुमच्याकडंच हाय ना? आसू द्या, आसू द्या. तुमच्यासारखं दुसरं कोण बघणार?"

कुणी मला धमकावले नाही. धमकावले असते तर निदान सांगायला काही झाले असते. मी चहा पिऊन घरी आलो आणि इन्स्पेक्शन होण्याची वाट पाहिली. तोवर सोनमची मुदत संपली. मग 'आता लिहून काय उपयोग' असे वाटले, आणि तेही वाक्य व्याकरणाने बरोबर होते.

नंतर कळले की ती रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली. कंपनीची बस वाचनालयासमोरच्या रस्त्याने जाते. मी त्या वेळेला खिडकीपासून दूर, कपाटामागे काही ना काही काम काढत असे.

गेल्या गुरुवारी ती आली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस वर बांधलेले. सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि एक कागद पुढे ठेवला.

"आप्पा, शुद्धलेखन बघा."

प्रतिज्ञापत्र होते. कोंडिबाचेच, दुसऱ्या विद्यापीठासाठी. त्यानुसार बारावीनंतरची सगळी वर्षे ती घरी होती. घरगुती अडचण होती. आणि खाली: 'सदर कालावधीत मी अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही.'

वेलांटी दीर्घ होती. शब्द माझेच होते. मी वर पाहिले.

"व्हय, तुमचंच हाय," ती म्हणाली. "तवा तुम्ही दुरुस्त करून दिलं न्हवं, ते मामानं कम्प्युटरात तसंच घालून ठिवलंय. म्हंतो, आप्पांनी तपासलेलं हाय, आता कुणी चूक काढत न्हाई. सगळ्या तालुक्याला त्येच देतो."

दोन वर्षांत तालुक्यातली किती मुले माझ्या व्याकरणात खोटे बोलून गेली असतील, हे मला मोजता येणार नाही.

"यात चूक नाही," मी म्हणालो.

"मग झालं." तिने कागदाला हात घातला, पण उचलला नाही. "हितं आजून एक रकाना हाय. आधी कुठं प्रवेश रद्द झाला का, आन् का. त्यात काय लिवू? 'खोटी माहिती दिल्याबद्दल' म्हणून लिवू? त्येच खरं हाय की. माझं रद्द त्याच्यापायीच झालं."

"सोनम, मी आता लिहून देतो."

"आता?" ती हसली, पण ते पूर्वीचे हसणे नव्हते. "आप्पा, मला ह्या साली न्हाई मिळालं तर मी पॅकिंगलाच म्हातारी हुईन. तवा म्या खरं सांगितलं, पण 'व्हय' म्हणणारं मानूस लागतं ना संगं. एकटीचं खरं कोण ऐकतंय? पुढल्या सोमवारी सही करनार हाय. कोंडिबामामा नोटरीला सांगून ठिवतो म्हणालाय."

"हे पुढे कधी उघडकीला आलं तर—"

"तर काढतील. तवा बी काढलंच." मग ती म्हणाली, "तुम्ही वाईट न्हाई आप्पा. त्येच तर हाय. वाईट मानूस आसता तर म्या पत्र धाडलंच नसतं."

ती गेल्यावर कपाट उघडले. तिने वाचलेली इतिहासाची पुस्तके तिथेच होती. तिच्यानंतर ती कुणी नेली नव्हती.

ती खोटे लिहिणार होती आणि त्यात माझी वेलांटी असणार होती. पकडली गेली तर तिला पुन्हा कुठेच जागा नाही. खरे लिहिले तर मागचा शिक्का पुसल्याशिवाय कुणी दारात उभे करणार नाही. आणि तो शिक्का पुसू शकणारा माणूस कपाटामागे पुस्तकांची धूळ झटकत होता.

'पुन्हा खरं लिही' असे तिला सांगण्याचा अधिकार मी घालवला होता. पण माझ्यापुरते खरे लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ती दोन वर्षांपूर्वीही लागत नव्हती.

त्याच दुपारी टेबलाशी बसलो. लेटरहेड घेतले नाही, साधा कागद घेतला. पहिल्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना लिहिले की अमुक वर्षी कुमारी सोनम रोज सकाळपासून दुपारपर्यंत शिरूरच्या वाचनालयात माझ्यासमोर वाचत बसत असे. ती त्या वेळी दौंडला हजर असणे शक्य नाही. तिने अर्जात दिलेली माहिती खरी होती आणि कॉलेजने दिलेली खोटी होती. हे मला तेव्हाच ठाऊक होते. वाचनालय आणि ते कॉलेज एकाच संस्थेची असल्याने मी गप्प बसलो. हवे तिथे येऊन शपथेवर सांगेन. नाव, पत्ता, सही. एक प्रत सत्यजीतरावांना काढली, त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

मग तिला लिहिले.

'चि. सोनम, तुझ्या पत्राचे उतर द्यायला दोन वर्षे लागली. सोबत विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राची प्रत आहे. त्यावर मी सही आधी केली आहे आणि ते याच टपालाने जाते आहे. तू अर्जात काय लिहावेस हे मी सांगणार नाही. खरे लिहिलेस तर ही प्रत जोड, बोलावले तर मी येईन. सही कोंडिबाच्या कागदावर केलीस तरी माझी तक्रार नाही. त्या वाक्याची लाज माझी आहे. तुझा, हौसराव आप्पा.'

शुक्रवारी सकाळी वाचनालयाचे दार उघडले, वर्तमानपत्रे लावली आणि पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने विद्यापीठाचे पाकीट उलटसुलट केले.

"आप्पा, पाठवणाऱ्याचा पत्ता न्हाई टाकला. वाचनालयाचा टाकू?"

"नाही. घरचा."

"वाचनालय सोडलं का काय?"

"अजून नाही," मी म्हणालो आणि घरचा पत्ता लिहिला. किल्ली खिशात होती. सत्यजीतरावांचे पाकीट त्यांना मिळेपर्यंत ती तिथे राहील.

त्या दोन्ही पाकिटांची पावती घेतली. सोनमचे शेवटी ठेवले होते. ते डिंक लावून बंद केले आणि तेव्हा आठवले की घाईत मी 'उत्तर' ला एकच 'त' लावला आहे. उतर. तिच्या पत्राचे उतर. नक्कीच तसे लिहिले होते, डोळ्यासमोर दिसत होते.

एरवी मी ते पाकीट खिशात घालून घरी आलो असतो, उघडले असते, दुरुस्त केले असते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले असते.

खिडकीतून हात पुढे केला आणि पाकीट त्या मुलीला दिले. तिने त्यावर शिक्का मारला.