दोन मनहरण साहू

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा देवश्री गुरुवारच्या मानांकन तपासणीचे कागद लावत होती. फोन पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातून होता. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर भीमाबाई बोलत होत्या.

"मॅडम, एक डाव वर या. फोनवर सांगायची गोष्ट नाही."

भीमाबाईंनी स्वतःहून फोन करावा याचंच देवश्रीला नवल वाटलं. रायपूरच्या या साडेतीनशे खाटांच्या रुग्णालयात ती आठ वर्षं संगणक विभागाची प्रमुख होती. कागदी फायली जाऊन सगळं स्क्रीनवर आलं ते तिच्याच मागे लागण्यामुळे. दोन महिन्यांपूर्वी तिनं भीमाबाईंची पेशंटांची हातानं लिहिलेली वहीसुद्धा बंद करायला लावली होती. तेव्हापासून दोघींचं कामापुरतंच बोलणं होतं.

वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर मनहरण साहू नावाचा चाळिशीचा माणूस होता. बीरगांवच्या एका कारखान्यात लोखंडी पट्टी पायावर पडून जखम चिघळली होती. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन लिहिलं होतं. स्क्रीनवर ॲलर्जीच्या पुढे 'नाही' असं होतं. भीमाबाईंनी औषध भरून घेतलं आणि टोचण्याआधी, जसं त्या सगळ्यांना विचारतात तसं, याआधी सुईनं कधी काही त्रास झाला का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला की मागच्या वर्षी याच दवाखान्यात अशीच सुई लागली होती, तोंड सुजलं होतं, श्वास अडकला होता आणि दोन दिवस काचेच्या खोलीत ठेवलं होतं.

देवश्रीनं त्याचं जुनं रेकॉर्ड उघडलं. त्यात मागच्या वर्षी मूतखड्यावर उपचार झाल्याचं लिहिलं होतं. सुजेचा, आयसीयूचा उल्लेख कुठेच नव्हता. मूतखडा कधी झाला होता का, असं तिनं मनहरणला विचारलं. त्यानं मान हलवली. नाही.

"इंजेक्शन दिलं असतं तर?" तिनं हळू विचारलं.

"मॅडम, ते मले नका विचारू," भीमाबाई म्हणाल्या. "मी दिलं नाही, एवढंच मले माहीत आहे."

खाली येताना जिन्यातच देवश्रीला काय झालं असेल ते कळलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या विभागानं रुग्णांच्या दुहेरी नोंदी एकत्र केल्या होत्या. एकाच माणसाचं दोन-तीनदा रजिस्ट्रेशन झालेलं असायचं आणि तपासणी पथकाला ते चालणार नव्हतं. म्हणून नियम ठरला: नाव, वय आणि मोबाईल नंबर सारखा असेल तर माणूस एकच. दोन नोंदींत फरक असेल तर जी नंतरची ती खरी. एका रविवारी दोन हजार आठशे जोड्या एक झाल्या.

तिच्या हाताखालच्या अभिनवनं तेव्हा शंका काढली होती. काही जोड्यांत वजन वीस-वीस किलोनं वेगळं दिसतंय, निदान शंभर नोंदी हातानं तपासू, असं तो म्हणाला होता. तपासणी तोंडावर आली आहे, वेळ नाही, असं तिनं सांगितलं होतं.

एकत्र करण्यापूर्वीची प्रत जपून ठेवली होती, ती तिनं अभिनवला काढायला लावली. मनहरण साहू दोन होते. दोघांचं वय चाळीस, दोघांचा मोबाईल नंबर एकच. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या 'नाही'खाली पुसली गेली होती. अभिनवनं तो नंबर सगळ्या रुग्णांत शोधला तेव्हा तो चारशे सत्त्याऐंशी जणांच्या नावापुढे निघाला. नंबर कारखान्यांना मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचा होता. तो आपल्या मजुरांना घेऊन यायचा आणि फॉर्मवर स्वतःचा मोबाईल द्यायचा.

अभिनवनं स्क्रीनवरची यादी शेवटपर्यंत खाली सरकवली. मग म्हणाला, "मैडम, मैंने बोला था."

"हो," देवश्री म्हणाली. "तू बोलला होतास. मी ऐकलं नाही."

साडेदहाला ती वैद्यकीय अधीक्षक डॉ. यशोधन यांच्या खोलीत गेली. यशोधन जुन्या रायपूरचे, चार पिढ्या डॉक्टरांच्या घरातले, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकत्र केलेल्या सगळ्या नोंदी स्क्रीनवरून आजच झाकायच्या, तपासून होईपर्यंत प्रत्येक पेशंटला तोंडी विचारून कागदावर लिहायचं आणि सगळ्या डॉक्टरांना कारण सांगायचं, असं तिचं म्हणणं होतं. यशोधनांना झाकणं पटलं, पण कारण सांगणं पटेना. गुरुवारी दिल्लीहून पथक येणार होतं. डिजिटल रुग्णालयाचं मानांकन मिळवायला दोन वर्षं गेली होती. देखभालीचं काम चालू आहे एवढंच कळवावं, असं त्यांनी सुचवलं. शेवटी कुणाला इजा झालेली नव्हती.

"सर, देखभाल म्हटलं तर डॉक्टर परवा पाहिलेलं आठवून औषध लिहितील," ती म्हणाली. "त्यांनी जे पाहिलं तेच चुकीचं असू शकतं. हे त्यांना माहीत नसेल तर झाकून उपयोग नाही."

यशोधनांनी चष्मा उचलून परत लावला. मग त्यांनी विचारलं, "हा नियम कोणी बसवला?"

"मी. सही माझी आहे."

"सही कोणाची ते नाही, संगणकात बसवला कोणी, असं विचारतोय."

"तेच सांगतेय, सर."

यशोधनांनीच निरोप पाठवला आणि अकरा वाजता सभागृहात डॉक्टर आणि सिस्टर जमल्या. देवश्रीनं उभं राहून काय झालं ते सांगितलं. तिनं काही गाळलं नाही. एक वरिष्ठ सर्जन म्हणाले की कागद बंद करताना आम्ही हेच सांगत होतो. भीमाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर पडल्यावर त्यांनी बाकीच्या वॉर्डांच्या सिस्टरांना दाराशीच थांबवलं आणि कागदावर काय काय लिहायचं ते सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर तोच तक्ता चालू झाला.

पुढचे तीन दिवस ओपीडीत रांगा दुप्पट झाल्या, लोक वैतागले. रेकॉर्ड विभाग आणि देवश्रीची माणसं एकेक जोडी तपासत होती. गुरुवारी पथक आलं. यशोधनांनीच त्यांना सगळं सांगितलं. पथकानं मानांकन न देता, सहा महिन्यांनी परत येऊ असं लिहून दिलं.

एकसष्ट जोड्या चुकीच्या किंवा संशयाच्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक ठेकेदाराच्या नंबरच्या. त्याला फोन केला तर तो म्हणाला की इतके लोक आहेत, कोणाला कुठे शोधू. तेव्हा रविवारी देवश्री आणि अभिनव स्वतः बीरगांवला गेले. तिचे वडील रेल्वेत होते, लहानपण रायपूरच्याच गुढियारी भागात, मजुरांच्या शेजारात गेलेलं. अशा वस्तीत कुणाला शोधायचं तर चहाच्या टपरीपासून सुरुवात करायची, हे तिला सांगावं लागलं नाही.

टपरीवाल्याला तिनं मनहरण साहूचं घर विचारलं. कोणता, असं त्यानं विचारलं. इथे तीन आहेत: एक सिमग्याचा, एक भाटापाऱ्याचा आणि एक बेमेतऱ्याकडचा. पायाला लागलेला सिमग्याचा. मूतखडेवाला भाटापाऱ्याचा, तो समोरच्या गल्लीत राहतो.

अभिनवनं देवश्रीकडे पाहिलं. रुग्णालयाच्या फॉर्मवर गावाचा रकानाच नव्हता. पत्ता होता, आणि तिथे ठेकेदार कारखान्याचा पत्ता लिहायचा.

भाटापाऱ्याचा मनहरण अंगणात सायकल पुसत होता. आमच्या चुकीनं तुमचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळले, म्हणून माफी मागायला आलो, असं देवश्रीनं त्याला हिंदीत सांगितलं. दवाखान्याची माणसं माफी मागायला घरी येतात यावर त्याचा विश्वास बसेना. आपल्याला आणखी काही आजार निघाला की काय, असंच त्याला वाटलं. अभिनवनं तीनदा समजावल्यावर त्यानं आतून प्लास्टिकच्या पिशवीतली जुनी चिठ्ठी आणून दाखवली. तिच्यावरून त्याची नोंद पुरी जुळली. निघताना त्यानं दोघांना पाणी दिलं आणि विचारलं की दुसरा मनहरण बरा आहे का. बरा आहे, दुसरं औषध चालू आहे, असं तिनं सांगितलं.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मिळून साठ जोड्यांतल्या माणसांची गाठ पडली. पुढच्या महिन्यात फॉर्मवर गाव आणि वडिलांचं नाव आलं. दोन माणसांनी पाहिल्याशिवाय कुठलीही नोंद एक करायची नाही असं ठरलं, आणि त्यातला एक माणूस वॉर्डातला असावा असा भीमाबाईंचा आग्रह देवश्रीनं मान्य केला. नोंदी तपासण्याचं काम तिनं अभिनवकडे दिलं.

एक बाई मात्र सापडली नाही. शर्मिष्ठा निषाद, वय तीस. काम सोडून गावी गेली, एवढंच शेजारणीला ठाऊक होतं. गाव कुणाला सांगता आलं नाही. तिच्या नावाच्या दोन नोंदींत रक्तगट वेगवेगळे आहेत; त्या एकीच्या की दोघींच्या, आणि तिचा रक्तगट कोणता, हे कळायला मार्ग नाही. देवश्रीनं दोन्ही नोंदींवर लाल अक्षरांत लिहून ठेवलं आहे: रक्तगट पुन्हा तपासा, आणि मला फोन करा. खाली तिचा स्वतःचा नंबर आहे. शर्मिष्ठा अजून आलेली नाही.